गारव्याचा हिशेब

गेल्या एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट आहे. माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, घेऊन मी कोल्हापूरला निघालो होतो. अण्णांचे वय चौऱ्याऐंशी. हृदयाचे दुखणे आहे, त्यामुळे महिन्यातून एकदा आंबा घाट चढावाच लागतो. हातखंबा, पाली, नाणीज मागे पडले आणि साखरपा जवळ आला, तोच गाडीच्या पुढच्या भागातून दगडावर कोयता घासावा तसा आवाज येऊ लागला. पाठोपाठ रबर जळल्याचा वास. आत येणारी गार हवा दोन मिनिटांत कोमट झाली आणि पाच मिनिटांत गरम. अण्णांनी शर्टाची वरची दोन बटणे काढली आणि काही न बोलता खिडकीची काच खाली केली.

गाडी चौदा वर्षांची. दुसऱ्या दिवशी एका मोठ्या गॅरेजमध्ये दाखवली. निदान झटपट झाले. ‘‘एसीचा कॉम्प्रेसर गेला. सगळा संच नवा घालावा लागेल.’’ मग कागदावर एक आकडा लिहून माझ्यापुढे सरकवला गेला. गाडी आज विकायला काढली तर जी किंमत येईल, तिच्या जवळजवळ तिसरा हिस्सा! निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरात असा आकडा खिशात घालून घरी येताना माणूस फारसे बोलत नाही. घरी आल्यावर अण्णांनी विचारले, मी सांगितले. ते हसून म्हणाले, ‘‘अरे, थिबा राजा काय एसी घेऊन उतरला होता रत्नागिरीत?’’

अण्णा थट्टेने बोलले खरे, पण आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या माणसाच्या डोक्यात असे वाक्य रुतून बसते. गारवा माणसाने केव्हापासून विकत घ्यायला सुरुवात केली? आणि त्याची किंमत कोणी कोणी मोजली? आज त्याचाच थोडा हिशेब तुमच्यासमोर मांडतो.

ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ च्या नोव्हेंबरात मंडाले येथे कैद केले. आधी मद्रासला ठेवले आणि १८८६ च्या एप्रिल महिन्यात रत्नागिरीत आणले. म्हणजे ऐन उकाड्यात. त्याच्यासाठी आज आपण पाहतो तो राजवाडा १९१० साली बांधून झाला आणि १९१६ च्या डिसेंबरात राजा वारला. त्या वाड्याकडे गारव्याच्या नजरेने एकदा पाहा. भाट्याच्या खाडीकडे आणि समुद्राकडे उघडणारी उंच जागा, उतरती छपरे, अर्धगोल खिडक्या, वारा आरपार जाईल अशी दालने. राजालाही गारवा मिळायचा तो बांधणीतून आणि वाऱ्यातून. साध्या माणसाकडे चिऱ्याच्या जाड भिंती होत्या, कौले होती, पुढे पडवी होती आणि शेणाने सारवलेली जमीन होती. राजा आणि रयत यांच्या गारव्यात फरक होता तो खिडक्यांच्या संख्येचा. यंत्र दोघांकडेही नव्हते.

आणि माठ दोघांकडेही होता. माठ हे यंत्र नव्हे, पण आजच्या एसीचे मूळ तत्त्व त्यातच आहे. माठातून पाझरलेले पाणी बाहेरच्या अंगाला वाफ होऊन उडते आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. वाळ्याचे ओले पडदेही याच तत्त्वावर चालतात. मात्र यात दोन अडचणी आहेत. एक म्हणजे उडालेले पाणी गेले ते गेलेच, पुन्हा भरावे लागते. दुसरी अडचण खास आपली, कोकणातली. आपली हवा आधीच दमट. तिच्यात आणखी वाफ मावत नाही. विदर्भात वाळ्याचा कूलर खोली गार करतो, तोच रत्नागिरीत आणून लावला तर अंथरूण ओले होते आणि घाम तसाच राहतो. आपल्याकडे पारा नागपूरसारखा पंचेचाळीसवर जात नाही, पण पस्तीसलाच जीव नकोसा होतो, तो या दमटपणामुळे. थोर वयाच्या माणसाच्या हृदयावर ताण येतो तो यामुळेच. म्हणून ‘‘कोकणात कशाला हवा एसी?’’ असे कोणी देशावरचे पाहुणे म्हणाले, तर त्यांना मे महिन्यात दुपारी दोन वाजता मारुती मंदिरापाशी बंद गाडीत बसवावे.

माणसाने मग गारवा बाहेरून आणायचा प्रयत्न केला. १८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टन बंदरातून ‘टस्कनी’ नावाचे जहाज १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याकडे निघाले. हा बर्फ तिकडच्या गोठलेल्या तळ्यांतून कापलेला. चार महिन्यांच्या प्रवासात बराच वितळला, तरी शंभरेक टन उरला आणि हातोहात खपला. पुढच्या वर्षी मुंबईलाही असा बर्फ आला. जमशेटजी जीजीभाईंनी आपल्या मेजवानीत आइस्क्रीम दिले आणि यजमानासकट पाहुण्यांना सर्दी झाली, असा किस्सा त्या काळातला सांगितला जातो. गंमत अशी, की त्याच १८३४ साली लंडनमध्ये राहणाऱ्या जेकब पर्किन्स या अमेरिकन माणसाने एका यंत्राचे पेटंट घेतले. माठाची पहिली अडचण त्याने सोडवली होती. उडालेला द्रव हवेत जाऊ न देता बंद नळीत धरायचा, पंपाने दाबायचा, त्याची उष्णता बाहेर टाकून पुन्हा द्रव करायचा आणि पुन्हा उडू द्यायचा. तोच द्रव, पुन्हा पुन्हा. दाबणारा तो पंप म्हणजे कॉम्प्रेसर. साखरप्याजवळ माझ्या गाडीत कुरकुरला तो त्याचाच वंशज.

कॉम्प्रेसर आपल्या गावाला नवा नाही. मिरकरवाड्याला मासळी आहे आणि मासळी आहे तिथे बर्फ हवाच. माझ्या गाडीचे काम पुढे ज्या मेस्त्रींनी केले, ते तरुणपणी बर्फाच्या कारखान्यात उमेदवारी करून हे शिकले. मोठ्या गॅरेजमधला आकडा ऐकून मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी आधी बॉनेट उघडले नाही. मला विचारले, ‘‘सर, कॉम्प्रेसर गेला म्हणजे नक्की काय गेलं, ते सांगितलं का त्यांनी?’’

मी गप्प. मग त्यांनी मला जो धडा दिला, तो मी तुम्हाला देतो. कारण माझ्यासारखे पुष्कळ जण इथेच फसतात. एसी गार होत नाही म्हणजे कॉम्प्रेसर गेलाच असे नाही. कधी नुसता फ्यूज किंवा रिले उडालेला असतो. कधी गॅस कमी झालेला असतो आणि दाब कमी आहे म्हणून यंत्र स्वतःच चालू होत नाही. कधी कॉम्प्रेसरच्या तोंडावर असलेल्या विजेच्या क्लचची कॉइल जळलेली असते. कधी पुलीचे बेअरिंग खडखडते आणि ऐकणाऱ्याला वाटते, सगळेच संपले. या सगळ्या गोष्टी थोड्या पैशात बदलता येतात आणि क्लचचे काम बहुधा गॅस न काढताही होते. इंजिन बंद करून क्लचची पुढची चकती हाताने फिरवून पाहायची. सहज फिरली तर कॉम्प्रेसरच्या पोटात जीव आहे.

आमची चकती फिरली नाही. मेस्त्रींनी मान हलवली. ‘‘आतून जाम आहे. पण आजच्यापुरता पट्टा काढून टाकू. गाडी चालेल, गार होणार नाही इतकंच.’’ या जुन्या गाडीत एसीला स्वतंत्र पट्टा आहे म्हणून हे जमले. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत एकच लांब पट्टा बॅटरी भरणारा अल्टरनेटर आणि कधी पाण्याचा पंपही फिरवतो. तिथे तो काढला की गाडी बसते. त्या गाड्यांना वेगळ्या मापाचा पट्टा किंवा मधली रिकामी पुली लागते. हेही त्यांनीच सांगितले.

पट्टा हातात आला आणि मला हसू आले. कारण मोटारीतल्या एसीचा इतिहास पट्टा काढण्यापासूनच सुरू होतो. अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने १९३९ च्या अखेरीस पहिल्यांदा कारखान्यातून एसी बसवलेली गाडी विकायला काढली. एसीचे वेगळे २७४ डॉलर. त्या काळात साधी नवी फोर्ड गाडी सहा-सातशे डॉलरला मिळत असे, यावरून अंदाज करा. गार करणारा भाग मागे, सामानाच्या जागेत, तिची निम्मी जागा खाऊन बसलेला. आणि कॉम्प्रेसरला क्लचच नव्हता. इंजिन चालू तर कॉम्प्रेसर चालू. गारवा नको असेल तर गाडी थांबवायची, बॉनेट उघडायचे आणि पट्टा काढून ठेवायचा! दोन-तीन वर्षांतच कंपनीने तो प्रकार बंद केला. पुढे १९५४ साली नॅश कंपनीने सगळे यंत्र गाडीच्या पुढच्या भागात बसवले, किंमत उतरवली आणि विजेचा क्लच दिला. बटण दाबले की कॉम्प्रेसर पट्ट्याला जोडला जातो, सोडले की सुटतो. आजही तीच रचना बहुतेक पेट्रोल-डिझेल गाड्यांत आहे.

आपल्याकडे अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनीच्या काळात एसी म्हणजे डॅशबोर्डखाली बाहेरून बसवलेला एक खोका असे. तो असलेली गाडी कोणा कारखानदाराची, हे सांगावे लागत नसे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि १९८५ साली जपानी सहकार्याने गाड्यांचे एसी इथेच बनवणारी सुब्रोस कंपनी स्थापन झाली. त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत एसी ही चैनीची बाब उरली नाही. सरकारने तर १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा केला. तासन् तास इंजिनाच्या उष्णतेशेजारी बसणाऱ्या चालकाला गारवा लागतो, हे मान्य व्हायला पॅकार्डनंतर शहाऐंशी वर्षे गेली.

आता या कथेतला अवघड भाग. मेस्त्री म्हणाले, ‘‘उद्या पाइप खोलू, गॅस सोडून देऊ आणि कॉम्प्रेसर खाली घेऊ.’’

मी विचारले, ‘‘मेस्त्री, सोडलेला गॅस जाणार कुठे?’’

‘‘कुठे म्हणजे? वर!’’ ते सहज म्हणाले. आणि खरेच, तो वरच जातो.

सुरुवातीच्या शीतयंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असे विषारी वायू असत. गळती झाली तर माणसे दगावत. अमेरिकेत थॉमस मिजली या रसायनतज्ज्ञाने यावर उपाय काढला. १९३० साली त्याने रसायनतज्ज्ञांच्या सभेत नवा वायू छातीत भरून घेतला आणि हळूच सोडून मेणबत्ती विझवली. विषारी नाही आणि पेटतही नाही, हे एका फुंकरीत सिद्ध झाले. तो वायू म्हणजे फ्रिऑन, मेकॅनिकांच्या भाषेत आर-१२. घरोघरचे फ्रीज आणि पुढे गाड्यांचे एसी त्यावर चालू लागले. त्या माणसाचा हेतू चांगला होता. पण १९७४ साली मोलिना आणि रोलँड यांनी दाखवून दिले, की हा वायू वर गेल्यावर सूर्याच्या अतिनील किरणांनी फुटतो आणि त्यातला क्लोरीन ओझोनचे कवच खातो. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरचे ओझोनचे छिद्र जगापुढे मांडले. दोन वर्षांत, १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियलचा करार झाला.

भारताने त्यावर लगेच सही केली नाही, आणि त्यामागचे कारण मला माझ्या गॅरेजच्या आकड्याइतकेच ओळखीचे वाटते. भारताचे म्हणणे असे : हा वायू पन्नास वर्षे वापरला श्रीमंत देशांनी, छिद्र पाडले त्यांनी. आमच्याकडे आत्ता कुठे फ्रीज घरात येतो आहे. मग नव्या तंत्राचा खर्च आम्ही का सोसायचा? १९९० साली लंडनला झालेल्या बैठकीत भारत आणि चीन यांनी हा प्रश्न लावून धरला. त्या वेळी आपल्या बाजूने पर्यावरणमंत्री मनेका गांधी होत्या. त्या बैठकीतून विकसनशील देशांना मदत करणारा एक निधी उभा राहिला. भारत १९९२ मध्ये करारात सामील झाला आणि २०१० पर्यंत तो जुना वायू आपल्याकडून हद्दपार झाला. आज ओझोनचे कवच हळूहळू भरून येत आहे. जगाने मिळून केलेली दुरुस्ती यशस्वी झाली, अशी उदाहरणे फार नाहीत. आणि ती यशस्वी झाली, कारण ‘खर्च कोणी करायचा’ हा प्रश्न टाळला नाही, टेबलावर घेतला.

पण हिशेब तिथे संपला नाही. आर-१२ च्या जागी गाड्यांत आर-१३४ए आला. माझ्या गाडीत तोच आहे. तो ओझोनला धक्का लावत नाही, मात्र पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे ते पंधराशे पट भारी. लहान गाडीत तो अर्धा किलोच्या आसपास असतो. अर्धा किलो हवेत सोडला तर ते साधारण सातशे किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे. लिटरभर पेट्रोल जळल्यावर सव्वादोन किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे ती एक ‘फुस्स’ तीनशे लिटर पेट्रोलएवढी! तेवढ्या पेट्रोलात माझी गाडी रत्नागिरीहून मुंबईला सहा वेळा जाऊन येईल. म्हणूनच २०१६ साली किगाली येथे याही वायूंवर मर्यादा घालायचे ठरले. भारताने २०२१ मध्ये ते मान्य केले, आणि आपल्याला २०३२ पासून टप्प्याटप्प्याने २०४७ पर्यंत त्यांचा वापर ८५ टक्के कमी करायचा आहे.

हा हिशेब मी मेस्त्रींना सांगितला. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘सर, मला हे कोणी सांगितलंच नव्हतं. आम्हाला शिकवलं ते एवढंच, की तोंड बाजूला ठेवा, डोळ्यात जाईल.’’ दोष त्यांचा नव्हता. गॅस ओढून घेऊन साठवणारे यंत्र महाग, छोट्या गॅरेजवाल्याच्या आवाक्याबाहेरचे. तेव्हा आम्ही एक मध्यम मार्ग काढला. पट्टा काढलेली गाडी अशा एका ठिकाणी नेली जिथे ते यंत्र होते. थोडे पैसे देऊन गॅस काढून घेतला, काट्यावर तोलला, तो साडेतीनशे ग्रॅम भरला. बाकीचा समुद्राच्या खाऱ्या हवेने पोखरलेल्या जोडांतून आधीच गेलेला असणार. मिळाला तो यंत्रातून शुद्ध करून परत भरायला ठेवला. गंमत म्हणजे तेवढा नवा गॅस विकत घ्यावा लागला नाही, त्यामुळे वरचा खर्चही बराचसा वळता झाला.

पुढचे काम मेस्त्रींनी केले. कोल्हापूरच्या जुन्या मालाच्या बाजारातून त्याच मॉडेलचा, हाताने फिरवून आणि तेल पाहून तपासलेला कॉम्प्रेसर आणला. जाम झालेला कॉम्प्रेसर आत धातूचा कीस सोडतो. तो कीस तसाच ठेवून वर कितीही चांगला कॉम्प्रेसर बसवला, तरी तो काही दिवसांत जातो, आणि मग माणूस म्हणतो, जुना माल घेतला म्हणून फसलो. म्हणून नळ्या आणि कूलिंग कॉइल धुऊन काढली. ड्रायर फिल्टर आणि एक्सपान्शन व्हॉल्व्ह नवे घातले. पुढचा कंडेन्सर धुण्याने साफ होण्यासारखा नव्हता, तो नवा घेतला, पण कमी किमतीच्या बनावटीचा. मग योग्य मापाचे तेल, अर्धा तास व्हॅक्यूम आणि वजन करून गॅस. ‘‘काटकसर कॉम्प्रेसरवर करा, सर,’’ मेस्त्री म्हणाले, ‘‘ड्रायरवर करू नका.’’ सगळे मिळून खर्च मोठ्या गॅरेजच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी झाला. थोडा थोडका नव्हे, तरी पेलण्याजोगा.

या सगळ्याला तीन आठवडे लागले आणि मधे अण्णांची मे महिन्याची तारीख आली. ती चुकवणे शक्य नव्हते. आम्ही पहाटे साडेचारला निघालो. काचा खाली, अण्णांच्या मानेभोवती ओला पंचा, शेजारी फिरकीच्या तांब्यात पाणी. घाटात पहाटेचा वारा होता, तोवर अण्णा खुशीत होते. पण परत येताना दुपार झाली आणि पालीच्या अलीकडे त्यांचा चेहरा पांढरा पडला. एका चहाच्या टपरीच्या सावलीत त्यांना दोन तास बसवले. त्या दोन तासांत मला कळले, की ‘पूर्वीचे लोक राहत नव्हते का?’ हे वाक्य जपून वापरावे. पूर्वीचे लोक राहत होते, आणि पूर्वी उकाड्याने जे म्हातारे गेले त्यांची नोंद कोणी ठेवली नाही.

आता पावसाळ्यातही मी आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवतो. चार महिने बंद राहिला की आतली सील कोरडी पडतात आणि गॅस निसटतो, ही मेस्त्रींची ताकीद. शिवाय काचेवरचे धुकेही जाते. अण्णा त्या दहा मिनिटांत अंगणातच गाडीत येऊन बसतात. जुना पट्टा मी टाकला नाही, तो अडगळीच्या खोलीत खुंटीवर टांगून ठेवला आहे.

तुमच्याही गाडीची हवा कधी गरम झाली, तर आकडा ऐकून घाबरू नका आणि लगेच हो म्हणू नका. आधी विचारा, नक्की काय गेले? आणि पाइप खोलायच्या आधी एक प्रश्न आणखी विचारा, की आतला गॅस कुठे जाणार?

(नभोवाणी भाषणाचे संपादित रूप)